कुठे केसभर, कुठे बोटभर

१९६३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या पश्चिमेकडच्या फेल्टम या उपनगरात सोळा वर्षांच्या एका मुलाने आणि त्याच्या वडिलांनी घरातल्याच एका खोलीत इलेक्ट्रिक गिटार करायला घेतली. मुलगा म्हणजे ब्रायन मे, पुढे ‘क्वीन’ या बँडचा गिटारवादक झालेला. वडील हॅरॉल्ड मे विमान खात्यात ड्राफ्ट्समन होते आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्यांचा हात चांगला होता. फेंडर किंवा गिब्सनची गिटार विकत घेणं परवडणारं नव्हतं. हाताशी साधी हत्यारं होती आणि घरात, शेजारीपाजारी पडून असलेल्या वस्तू होत्या. नेकसाठी महोगनी मिळाली ती ओळखीतल्या कुणीतरी टाकून द्यायला काढलेल्या जुन्या फायरप्लेसच्या चौकटीतून. त्या लाकडाला किडीची भोकं होती. ब्रायनने ती काड्यापेटीच्या काड्या ठोकून बुजवली. बॉडीच्या आत जुन्या टेबलाचं ओक आणि साधा ब्लॉकबोर्ड, वर महोगनीचं व्हिनियर, कडेने शेल्फच्या फळ्यांना लावतात ती पांढरी पट्टी. ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या, त्याचा दांडा सायकलला पिशवी अडकवायच्या सळईचा आणि दांड्याच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचा तुकडा. नेकवरच्या खुणांसाठी आईच्याच शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं घासून घेतली. काम सुमारे दोन वर्षं चाललं. ‘रेड स्पेशल’ या नावाने ओळखली जाणारी ती हीच गिटार. क्वीनच्या पहिल्या रेकॉर्डपासून तो ती वाजवत आला, आणि जून २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभा राहिला तेव्हाही त्याच्या गळ्यात तीच होती.

ही हकिकत बहुतेक वेळा टाकाऊतून टिकाऊ केल्याचं नवल म्हणून सांगितली जाते. काड्या, सुई, स्प्रिंगा ही यादी ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते आणि गोष्ट तिथेच थांबते. मला त्या यादीपेक्षा तिच्यामागची निवड मोलाची वाटते. या बापलेकांनी कुठे हात सैल सोडला आणि कुठे अजिबात सोडला नाही, ते पाहण्यासारखं आहे. ट्रेमोलोचा दांडा दाबला की सगळ्या तारा एकदम सैल पडतात आणि स्वर खाली घसरतो; दांडा सोडला की तारांनी नेमक्या मूळ स्वरावर परतायला हवं. इथेच घोडं अडतं, कारण तार जिथे जिथे टेकते तिथे ती किंचित अडखळते आणि गिटार बेसूर होऊन बसते. म्हणून या दोघांनी ट्रेमोलोचा सगळा भार कडक पोलादाच्या धारेवर तोलला. ब्रिजवर तारांखाली फिरते रूळ बसवले. वरच्या टोकाला तारा नटच्या खाचेत दाबून बसवण्याऐवजी एका जादा फ्रेटवरून, शून्य क्रमांकाच्या फ्रेटवरून, पुढे नेल्या. घर्षण घालवण्यासाठी एवढी यातायात, आणि त्याच गिटारच्या नेकमध्ये काड्यापेटीच्या काड्या! यात विसंगती मुळीच नाही. तारेच्या वाटेतली एकही जागा त्यांनी केसभर ढळू दिली नाही. जिथे लाकडाला नुसतं घट्ट राहायचं होतं तिथे मिळेल ते वापरलं.

घरच्या कारखान्यात गिटार घडवणाऱ्याने एवढा एक भेद ओळखला की बाकीचं सगळं शिकता येतं. कुठे केसभर चुकलं तर वाद्य हातचं जातं आणि कुठे बोटभर इकडेतिकडे झालं तरी कुणाला पत्ता लागत नाही, हे कळणं म्हणजेच ही कारागिरी. या पुस्तकातली प्रकरणं मी त्याच हिशेबाने बेतली आहेत. त्यामुळे काही भाग फार लांबले आहेत आणि बॉडीच्या आकारासारखा ज्याच्याविषयी लोक सर्वांत आधी विचारतात तो भाग थोडक्यात आटोपला आहे.

आकाराची मोकळीक या वाद्याला जन्मापासूनच मिळाली आहे. सतारीचा किंवा व्हायोलिनचा आवाज पोकळीतून आणि पातळ तबलीतून उमटतो. तबलीची जाडी बिघडली की सगळं बिघडलं. ती किती तासायची ते हाताला कळावं लागतं, आणि मिरजेच्या सतारमेकरांकडे ही विद्या घराण्यात राहिली ती त्यामुळेच. इलेक्ट्रिक गिटारमध्ये ऐकू येणारा आवाज तारेखालच्या चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या वेटोळ्यात तयार होतो. लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एपिफोनच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी बसून पाइनच्या चार बाय चार इंची खांबाला नेक, ब्रिज आणि पिकअप जोडले. त्याचं नावच ‘लॉग’ पडलं, म्हणजे ओंडका. लोकांच्या डोळ्यांना तो रुचला नाही, तेव्हा त्यांनी एका अकूस्टिक गिटारची बॉडी मधोमध चिरून तिचे दोन अर्धे खांबाच्या दोन्ही अंगांना लावले. आवाज खांबाचाच होता. पाहणाऱ्यांचं समाधान मात्र झालं.

पुढे दहा वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यातून आलेल्या लिओ फेंडर यांनी सपाट फळीची बॉडी कापली आणि नेक तिच्यावर चार स्क्रूंनी आवळला. लिओ फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. दुरुस्ती करणाऱ्याची नजर मात्र त्यांना होती: बिघडलेला भाग सोडवता यावा, बदलता यावा, पुन्हा जोडता यावा. आपल्यासारख्या घरी बसून काम करणाऱ्यांवर या चार स्क्रूंचे फार उपकार आहेत. सरसाने जोडलेला नेक एकदा वाकडा बसला की बसला. स्क्रूचा नेक सोडवून खाचेत पातळ व्हिनियरची चकती घालता येते आणि पुन्हा आवळता येतो. नेकचा कोन एका अंशाने बदलला तर अडीचशे मिलिमीटर पुढे ब्रिजपाशी तारांच्या उंचीत चार मिलिमीटरहून अधिक फरक पडतो, एवढं ध्यानात घेतलं की ही सोय किती मोठी आहे ते समजेल. पहिली गिटार करणाऱ्याने स्क्रूचाच नेक घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आता फ्रेट. सगळं पुस्तक चाळून फक्त एकच प्रकरण नीट वाचायचं असेल तर ते फ्रेटचं वाचा. नटपासून ब्रिजपर्यंत मोकळ्या तारेची जी लांबी, तिला स्केल म्हणतात. फेंडरच्या बहुतेक गिटारींचं स्केल सुमारे ६४८ मिलिमीटर आहे, रेड स्पेशलचं त्याहून आखूड, २४ इंच. या लांबीत फ्रेट कुठे पडायचे ते गणिताने ठरतं. सप्तकाचे बारा समान भाग करायचे, हार्मोनियमच्या पट्ट्यांत असतात तसे. उरलेल्या तारेला प्रत्येक वेळी १७.८१७ ने भागायचं आणि तेवढं पुढे सरकायचं. ६४८ च्या स्केलवर पहिला फ्रेट नटपासून ३६.३७ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर. १७.८१७ हा आकडा हाताशी नव्हता त्या काळी ल्यूट करणारे १८ ने भागत. गॅलिलिओचे वडील विन्सेन्झो गॅलिली स्वतः ल्यूट वाजवत; १५८१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हाच हिशेब सांगितला आहे. १८ ने भागत गेलं तर ६४८ च्या स्केलवर बारावा फ्रेट दोन मिलिमीटरहून जास्त अलीकडे पडतो, म्हणजे स्वर थोडा उतरतो. पण तार बोटाने दाबली की ताणली जाऊन स्वर थोडा चढतोही. एक उणं, एक अधिक. दोन्ही एकमेकांना बरंचसं सावरून घेत, म्हणूनच तो हिशेब इतका काळ चालला असावा.

आजच्या गिटारमध्ये हे सावरून घेण्याचं काम ब्रिज करतो. फ्रेट काटेकोर गणिताने पाडायचे आणि प्रत्येक तारेचा सॅडल पुढेमागे सरकवून स्वर जुळवायचा. पातळ तारेचा सॅडल गणितापेक्षा थोडासाच मागे जातो, जाड तारेचा तीन-चार मिलिमीटरही जाऊ शकतो. ब्रिज बसवताना ही सरकायची जागा राखली नाही, तर पुढे कितीही कान दिला तरी बाराव्या फ्रेटवर गिटार सुरात येत नाही.

फ्रेटच्या खाचा पाडताना प्रत्येक माप नटपासूनच घ्या, आधीच्या फ्रेटपासून कधीही नको. एकेक अंतर पुढे मोजत गेलात तर पेन्सिलीच्या रेघेची जाडी बावीस वेळा साठत जाते. नटपासून मोजलं तर चूक जिथली तिथेच राहते. ही चूक सगळीकडे सारखीही नसते. पहिल्या फ्रेटच्या जागी अर्धा मिलिमीटर चुकला तर स्वर सुमारे दीड सेंटने हलतो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर, तेव्हा हे कुणाच्या कानाला लागत नाही. बाविसाव्या फ्रेटपाशी दोन फ्रेटमधलं अंतर जेमतेम ११ मिलिमीटर उरलेलं असतं. तिथे तोच अर्धा मिलिमीटर साडेचार सेंटच्या पुढे जातो, आणि तयार कान तो पकडतो. म्हणून वरच्या खाचा सकाळच्या उजेडात, हात थकलेले नसताना, गुण्या लावून पाडा. खालच्या खाचा नंतर पाडल्या तरी चालतील.

फ्रेट ठोकताना कान उघडे ठेवायचे. खाच साधारण ०.६ मिलिमीटर रुंद असते आणि फ्रेटच्या वायरला खालून बारीक दात असलेली जीभ असते. आधी दोन टोकं बसवायची आणि मग मध्याकडे यायचं. फ्रेट वर अधांतरी असतो तोवर हातोडीचा आवाज पोकळ येतो, किंचित किणकिणतो. लाकडाला टेकला की तोच आवाज जड आणि बंद होतो. तो बदल ऐकू आला की थांबायचं. त्यानंतरचा घाव फ्रेटला खाली नेत नाही, उलट टोकं उचलतो. सगळे फ्रेट बसले की त्यांच्या माथ्यांवर मार्करची शाई फासायची आणि लांब सपाट कानस हलक्या हाताने सगळ्यांवरून फिरवायची. उंच फ्रेटांची शाई आधी जाते, खोलगट फ्रेटांची तशीच राहते. शेवटच्या फ्रेटवरची शाई कानशीला लागली की थांबायचं, मग एकेका माथ्याला पुन्हा गोलाई द्यायची. या कामात घाई करणाऱ्याला तारा लावल्यावर कळतंच: एका फ्रेटवर तार छान बोलते आणि शेजारच्या फ्रेटवर भुणभुणते.

नेक सरळ ठेवण्याचा प्रश्न याहून जुना आहे. साध्या संचातल्या सहा पोलादी तारा मिळून नेकवर सुमारे ४५ किलोचा ताण देतात, आणि तो रात्रंदिवस असतो. गिब्सनच्या कारखान्यातले थॅडियस मॅकह्यू यांनी नेकच्या आत बसवायच्या, घट्ट-सैल करता येणाऱ्या सळईचं पेटंट १९२३ मध्ये मिळवलं. आज तिला सगळे ट्रस रॉड म्हणतात. ती असली तरी लाकूड निवडताना डोळे उघडे हवेतच. फळीच्या टोकाला वाढीच्या रेषा उभ्या दिसायला हव्यात आणि लांबीत त्या बाहेर पळता कामा नयेत. नेक अगदी सपाट सरळही नको. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरली तर मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली पाव मिलिमीटरची फट दिसावी. वाजताना तार मधेच सर्वांत जास्त झुलते, तिला तेवढी जागा लागते.

आपल्याकडचा पावसाळा या पाव मिलिमीटरशी खेळतो. जूनमध्ये घराची दारं फुगून चौकटीत अडकतात तेव्हा नेकही हललेला असतो. हिवाळ्यात, विशेषतः घाटमाथ्यावरच्या कोरड्या हवेत, फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन तळहाताला टोचतात. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत याचा विचार त्यांच्या हवेपुरता असतो, म्हणून या विषयावर मी सविस्तर लिहिलं आहे. थोडक्यात सांगायचं तर नेकची फळी विकत आणली की निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा घरात पडू द्यावी. ती ज्या दिशेने वाकायची त्या दिशेने वाकू द्यावी, आणि मगच तिच्यावर रंधा मारावा.

लाकडाबद्दल गिटारवाल्यांत जितके वाद आहेत तितके दुसऱ्या कशाबद्दल नसतील. लेस पॉल यांचा ओंडका आणि मे यांचा ब्लॉकबोर्ड समोर असताना, अमुकच लाकडाशिवाय आवाज नाही, हे मी मान्य करणार नाही. लाकडाचा परिणाम असतो. ताठ लाकडात तार जास्त वेळ टिकून वाजते, मऊ आणि लवचीक लाकूड तारेची थोडी ताकद पिऊन टाकतं. पण पिकअप तारेपासून दोन मिलिमीटर दूर आहे की चार, याने आवाजात जेवढा फरक पडतो तेवढा बॉडीच्या लाकडाने पडत नाही. म्हणून लाकूड निवडताना आधी सुकेपणा, मग सरळपणा, मग वजन आणि शेवटी नाव.

पुण्यात जुने वाडे पडतात तेव्हा त्यांच्या तुळया आणि चौकटी बाजारात येतात. अनेक दशकं घराचा भार वाहिलेलं हे सागवान हलायचं तेवढं हलून झालेलं असतं, आणि नेकसाठी याहून भरवशाचं लाकूड वखारीत शोधून मिळायचं नाही. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे सरस लावायच्या आधी सांध्याची जागा ताजी रंधून थिनरने पुसून घ्यावी लागते. जुन्या लाकडात खिळे लपलेले असतात, ते चुंबक फिरवून आधी शोधावेत. पूर्ण सागाची बॉडी खांद्याला जड होते; आतून पोकळ्या कोरल्या तर वजन आवाक्यात येतं. सतारीसाठी वापरतात ते तून हे लाकूड महोगनीच्याच कुळातलं, वजनाला हलकं आणि पटाशीला आज्ञाधारक आहे, बॉडीसाठी मला ते फार आवडतं. फिंगरबोर्डला शिसव. इथे आपण जगाच्या मागे नाही: ब्राझीलने आपल्या रोझवूडच्या ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून, गिटार कंपन्यांनी भारतीय शिसवीचा आधार घेतला आणि आजही जगभरच्या गिटारींच्या फिंगरबोर्डवर आपल्या दक्षिणेतली शिसव असते. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने तिच्या व्यापारावर बंधनं घातली. तयार वाद्यांना त्यातून २०१९ मध्ये सूट मिळाली. वखारीतून घेताना पावती मागून घ्यावी. शिसवीची धूळ श्वासाला आणि कातडीला त्रास देते, मास्क लावल्याशिवाय ती घासू नये.

पिकअप स्वतः गुंडाळावा की विकत घ्यावा, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. त्याचं उत्तरही रेड स्पेशलच्या इतिहासात आहे. ब्रायनने आधी साध्या चुंबकांभोवती तार गुंडाळून घरचेच पिकअप केले होते. ते वाजत, पण तार बाजूला ओढून स्वर चढवला की त्यात नकोशी खरखर येई. ज्याला तारा ओढूनच वाजवायचं होतं त्याला हे चालण्यासारखं नव्हतं. मग त्याने बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सोनिक पिकअप विकत आणले आणि त्यांत अरल्डाइट ओतून वेटोळी घट्ट केली, म्हणजे मोठ्या आवाजात ती शिट्टी मारणार नाहीत. एवढ्यावर तो थांबला नाही. प्रत्येक पिकअपला दोन-दोन बटणं दिली, एक चालू-बंद करायचं आणि एक दिशा उलटवायचं. दोन पिकअपपैकी एकाची दिशा उलटली की दोघांत समान असलेले सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो नाकातला, धारदार आवाज. बाजारातल्या गिटारींत एवढे पर्याय नव्हते. पिकअप विकतचे, पण त्यांच्याकडून काय करून घ्यायचं ते त्याचं स्वतःचं.

आतलं तत्त्व फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच आहे. चुंबक वरच्या पोलादी तारेलाही थोडं चुंबक बनवतं. तार हलली की वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेटोळ्यात बारीकशी वीज निर्माण होते. नायलॉनची तार लावाल तर पिकअप गप्प राहील. वेटोळ्याची तार ०.०६ मिलिमीटरच्या आसपास, केसासारखी, आणि वेढे सात-आठ हजार. हातड्रिल शिकंज्यात आडवं धरून ते घरी गुंडाळता येतात. तार बोटांच्या चिमटीतून सोडताना ताण सारखा ठेवणं हेच खरं कसब. जास्त ओढली की तुटते, सैल सोडली की आतली वेटोळी हलतात. एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण शिरतेच. ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर शेजारी असेल तर जास्तच. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उलट दिशेची दोन वेटोळी जोडून ती मारली. पहिल्या गिटारला विकतचे पिकअप बसवा, दुसरीला स्वतः गुंडाळा, हा माझा सल्ला. तोवर सोल्डरिंगचा हात बसलेला असतो आणि कुठला आवाज हवा आहे हेही कळलेलं असतं.

इथे एक आडवळण घेते, कारण ते आपल्या मुलखातून जातं. फेल्टममध्ये मे यांच्या घरी ही गिटार आकार घेत होती, त्याच सुमारास, १९६४ मध्ये, झांझिबारमधल्या क्रांतीनंतर एक पारशी कुटुंब तिथून निघून फेल्टममध्येच राहायला आलं. त्यांचा मुलगा फारूख बलसारा त्याआधी आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत शिकला होता आणि तिथे ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवत असे. तोच पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. दोन्ही घरं एकाच उपनगरात, एकमेकांच्या जवळ. पण मुलांची ओळख व्हायला आणखी काही वर्षं जायची होती. बँड उभा राहिला तो १९७० मध्ये. तोवर गिटार केव्हाच तयार झाली होती, आणि ज्याच्या आवाजाशी तिचं नाव कायमचं जोडलं जाणार होतं तो जवळच कुठेतरी वाढत होता.

गिटार घरी का करायची, हे विचारणाऱ्यांना मी पैशाचं कारण देत नाही. आज कारखान्यात झालेली वाजवण्याजोगी गिटार हत्यारांच्या खर्चापेक्षा स्वस्त मिळते. मे यांच्या घरी गरजेपोटी सुरू झालेलं काम दोन वर्षं चाललं, कारण वडिलांना आणि मुलाला ते एकमेकांसोबत करायचं होतं. पुढे मुलाने खगोलशास्त्रातलं संशोधन अर्धवट ठेवून बँडची वाट धरली तेव्हा हॅरॉल्ड यांना ते रुचलं नाही. ज्या वडिलांनी गिटार करायला हात दिला त्यांनाच तिच्यामागे जाणारा मुलगा पटेना, हे वाचताना मला नेहमी अस्वस्थ करतं. हॅरॉल्ड १९८८ मध्ये गेले. ब्रायनने तो प्रबंध पुरा करून इंपीरियल कॉलेजकडून २००७ मध्ये डॉक्टरेट मिळवली. आणि त्या आईचंही नाव घेतलं पाहिजे. रूथ मे यांचा या गिटारमधला वाटा बटणं आणि विणायची सुई एवढाच सांगितला जातो, पण ज्या घरात एक खोली दोन वर्षं लाकडाच्या भुशाने भरलेली राहते ते घर कुणीतरी चालवत असतं.

स्वतः घडवलेल्या वाद्याचं एक सुख विकत घेतलेल्या वाद्यात नाही. ते बिघडलं तर कुठे बिघडलं हे तुम्हाला माहीत असतं. सहावी तार खरखरली तर तुम्ही आधी त्या एका फ्रेटकडे बघता ज्याने बसताना त्रास दिला होता. आवाज तुटतोय तर कुठला सांधा थंड सोल्डरचा असेल याचा अंदाज असतो. मुलांबरोबर करत असाल तर कानस आणि सोल्डरिंगची इस्त्री त्यांच्या हातात द्या, फक्त राउटर देऊ नका. गिटारच्या आतल्या विजेने कुणाला धक्का बसत नाही, ती मिलिव्होल्टांत असते. अँप्लिफायर मात्र उघडायचा नाही. व्हॉल्व्हच्या अँपमध्ये तीनशे व्होल्टहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये साठून राहतो. ज्या सॉकेटमध्ये अँप लावाल त्याचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ब्रिजला जोडलेली अर्थची तार तुमच्या बोटांना तारांमार्गे त्याच अर्थशी जोडत असते.

पुस्तक पानोपान क्रमाने वाचायची गरज नाही. पहिलं प्रकरण नेकच्या लाकडाचं आहे, कारण ते आधी आणून ठेवावं लागतं. फळी हवेला सरावते आहे तोवर कागदावर पूर्ण मापाचं रेखाचित्र काढा. मधली रेघ आधी, मग नट, बारावा फ्रेट आणि ब्रिज, आणि बॉडीचा आकार सर्वांत शेवटी. वखारीत जाताना मोजपट्टी आणि गुण्या बरोबर न्या. सपाट हेडच्या नेकसाठी ७०० मिलिमीटर लांब, ७५ रुंद आणि २५ जाड एवढी फळी लागते. वखारवाला मापाने कापून देतो म्हणाला तरी त्याआधी पूर्ण फळी उचलून एका टोकाकडून डोळा लावून पाहा. पीळ दिसला तर ती तिथेच ठेवून दुसरी मागा.